निवेदन देऊन फोटो काढल्यानंतरचं काम

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या कचेरीबाहेर बसून मी अर्ज लिहून देतो. मराठीत ऐकायचं, कन्नडात उतरवायचं, हाच धंदा. गवळीवाड्यांवरची पोरं येतात, म्हणतात, "मामा, एक जोरदार निवेदन लिहून द्या की." त्यात सगळंच हवं असतं: रस्ता, वीज, जमिनीचा हक्क, एसटीचा (अनुसूचित जमातीचा) दाखला. प्रत तहसीलदारांना, डीसींना (जिल्हाधिकाऱ्यांना), आमदारांना, खासदारांना. मग फोटो, पेपरात चार ओळी. पैसे घेऊन मी लिहितो, पण सांगतोही, याला आवक नंबर मिळेल, उत्तर मिळणार नाही. चार मागण्या चार टेबलांच्या, आणि कागद जाऊन पडतो भलत्याच पाचव्यावर.

म्हणून आधी मागण्या सुट्या करा. प्रत्येकीचा निर्णय कुणाच्या हातात आहे ते शोधा.

जमिनीचा निर्णय तुमच्या स्वतःच्या ग्रामसभेपासून सुरू होतो, हे पुष्कळांना पटतच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दावे घ्यायचा, तपासायचा आणि ठराव करायचा पहिला अधिकार ग्रामसभेला दिलाय. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, म्हणतील, "पंचायतीची ग्रामसभा झाली की!" ती वेगळी. तुम्ही वाडीची सभा मागा, लेखी मागा, आणि पोच घ्या. निम्मे प्रौढ हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका. तेव्हा सभा सकाळी अकराला ठेवू नका. म्हशी रानातून परतल्या, धारा आटपल्या की ठेवा. ठराव आधी मराठीत लिहा, सगळ्यांना वाचून दाखवा, सह्या-अंगठे घ्या आणि मग कन्नड प्रत जोडा. न समजलेल्या कन्नड ठरावावर अंगठा उठवू नका. उद्या त्याच कागदावर तुमची संमती निघते.

धनगर गवळी इथं एसटीत नाहीत, म्हणून 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो. त्याला १३ डिसेंबर २००५ च्या मागची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवायची असते. १९३० चा कागद कुणाच्या घरात असणार? गवताच्या छपरात कागद टिकत नाही. पण या कायद्याच्या नियमांतला नियम १३ नीट वाचा. कमीत कमी दोन पुरावे हवेत, आणि ते सातबाराच असले पाहिजेत असं कुठंही नाही. जुनी विहीर, देवाचं ठिकाण, पुरलेल्या माणसांची जागा चालते. दावेदार नसलेल्या म्हाताऱ्याचा लिहून घेतलेला जबाब चालतो. गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) पण चालतं, बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटिअर १८८४ चं आहे, त्यात आपल्या समाजाचा आणि भागाचा उल्लेख शोधा. म्हाताऱ्यांचे जबाब मात्र आधी उरका, गॅझेटिअर कुठं पळून जात नाही. अमुकच कागद आणा, असा हट्ट ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या वरच्या समितीला धरता येत नाही. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात.

रस्त्याला याच कायद्याचं कलम ३(२) लावा. पावसाळ्यात पेशंटला डोलीत घालून नेणाऱ्या गावांनी हे कलम पाठच करावं. शाळा, अंगणवाडी, विजेची लाईन, रस्ता यांसाठी दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आपल्या तालुक्यातलं भीमगडचं रान २०११ साली अभयारण्य झालं, तेव्हा वनखातं वन्यजीव कायदा पुढं करणार हे धरून चाला. वनहक्क कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यही येतं, हे त्यांना लेखी कळवा.

अभयारण्यातून बाहेर स्थलांतराच्या पॅकेजची चर्चा सुरू झाली की गावात दोन तट पडतात. ज्याला जायचंय त्याला जाऊ दे, मी त्यात पडत नाही. पण हक्काचा दावा निकाली निघायच्या आधी सही करू नका, एवढं सांगतो.

आता एसटी. हे तहसीलदारांच्या हातात नाही, मुख्यमंत्र्यांच्याही नाही. घटनेच्या कलम ३४२ प्रमाणे यादी बदलते ती संसदेच्या कायद्यानं. त्याआधी राज्याची शिफारस, जनगणनेच्या रजिस्ट्रार जनरलचं मत, अनुसूचित जमाती आयोगाचं मत. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाचं बघा. २००३ मध्ये ते यादीत आले, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते. खानापूरच्या रानातले त्यांचे भाऊबंद बाहेरच राहिले. बेळगाव आणि धारवाड जिल्हे जोडले गेले ते २०२० मध्ये. तिकडं गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप २००३ पासूनच एसटी. घाटाच्या अलीकडच्या कुणब्यानं काय करायचं? मोर्चा काढा, माझी ना नाही, पण तेवढ्यानं फाईल हलत नाही. फाईल मागते अभ्यास. राज्याची आदिवासी संशोधन संस्था म्हैसूरला आहे. समाजाचा अभ्यास व्हावा म्हणून समाजकल्याण खात्यामार्फत तिथं पाठपुरावा करा. निकष अजून १९६५ च्या लोकूर समितीचेच आहेत, त्यांत एक 'बुजरेपणा'. बुजऱ्या माणसानं दिल्लीपर्यंत जाऊन आपला बुजरेपणा सिद्ध करायचा! असो. मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर जातीचं नाव मात्र एकसारखं लागू द्या. एका घरात तीन नावं असली की पुढं सगळं अडतं.

आमदारांना निवेदनाऐवजी प्रश्न लिहून द्या. हिवाळी अधिवेशन बेळगावात, सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं; त्याच्या बरेच दिवस आधी भेटा. "आमच्यावर अन्याय होतोय" हा प्रश्न नव्हे. "खानापूर तालुक्यात वनहक्काचे दावे किती आले, किती फेटाळले, त्यांतल्या किती जणांना कारण लेखी कळवलं?" हा प्रश्न. मंत्र्यांचं उत्तर छापील येतं आणि ते तुमच्या पुढच्या अपिलाला जोडता येतं. आमदारांनी नाही विचारलं, तर तोच प्रश्न माहिती अधिकारात टाका. कर्नाटकात त्या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच लागतो. जमिनीचा एक अर्ज, रस्त्याचा दुसरा. दहा रुपये जास्त जातील, जाऊ देत.