काळ्या मातीतून सौराष्ट्र : शाळेसाठी द्वीपकल्पाची प्रतिकृती

विदर्भातल्या गावशाळेत द्वीपकल्प शिकवायचं तर गुजरातमधलं सौराष्ट्र घ्यावं. तिथला बहुतेक खडक वऱ्हाडासारखाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माती तशीच काळी, शेतात कापूस. शिवाय 1 नोव्हेंबर 1956 ते 30 एप्रिल 1960 या काळात सौराष्ट्र आणि विदर्भ एकाच मुंबई राज्यात होते. पोरांना हे सांगितलं की नकाशा परका राहत नाही.

पाट 4 बाय 3 फुटांचा, 12 मिमी प्लायवूडचा. आधी दोन्ही बाजूंनी ऑइलपेंट मारा, नाहीतर ओल्या मातीनं तो वाकतो. प्रमाण 1 सेंमीला 4 किमी. द्वारका ते भावनगर हे सुमारे 330 किमी अंतर 82 सेंमीत बसतं. किनारा चौकटी आखून उतरवा : अर्धा अंश अक्षांश 14 सेंमी, अर्धा अंश रेखांश 13 सेंमी. दोन्ही सारखे धरले तर द्वीपकल्प आडवं फुगतं.

उंची मात्र वीसपट वाढवावी लागते. त्याच प्रमाणात 1,117 मीटरचा गिरनार जेमतेम 3 मिमी भरेल. 1 सेंमीला 200 मीटर धरा, गिरनार 5.6 सेंमी होतो. जिथे जितकी उंची, तितकी तुराटी कापून पाटावर उभी चिकटवा आणि माती तिच्या टोकापर्यंत भरा. अंदाजानं भरलेला डोंगर नेहमी फुगतो.

खरी मेहनत मातीची. नुसती काळी माती वाळताना आकसते, भेगा पडतात, कडा सुटून वर येतात. म्हणून दोन भाग माती, एक भाग चाळलेली वाळू, एक भाग बारीक कुटार आणि मूठभर शेण असं कालवून रात्रभर मुरू द्या. एक घमेलं पुरतं. पाटावर कोंबडीजाळी ठोका, म्हणजे पकड राहते. एका वेळी दीड-दोन सेंमीचाच थर द्या आणि सावलीत वाळवा. उन्हात वरची साल आधी आवळते, आतली ओल तिला फोडते.

ओलसर असतानाच चमच्याच्या दांड्यानं नद्या कोरा. मधला जसदण-राजकोटकडचा भाग उंच ठेवा. तिथून भादर नैर्ऋत्येला अरबी समुद्राकडे जाते, मच्छू उत्तरेला कच्छच्या छोट्या रणाकडे. शेत्रुंजी गीरमधून निघून पूर्वेला खंभातच्या आखाताला मिळते. रंग वाळल्यावर मध्यावर पेलाभर पाणी ओता. ते चहूकडे वाहिलं नाही तर मध्य खोल राहिला आहे, तिथे माती वाढवा.

रंगवताना दोन चुका हमखास होतात. छोटं रण निळं करू नका. ते पावसाळ्यात पाण्याखाली जातं, एरवी खारट माळ असतो. दीव जमिनीला जोडू नका, ते बेट आहे.

इतिहासाच्या टाचण्या मोजक्याच लावा, पण जागेचं कारण सांगून. लोथल खंभातच्या आखाताच्या टोकाशी लावा : हडप्पाकालीन व्यापाराचं हे गाव आज समुद्रापासून आत आहे, कारण नद्यांच्या गाळानं किनारा पुढे सरकला. जुनागढला अशोकाचा शिलालेख. त्याच खडकावर शक राजा रुद्रदामनाचा, इ.स. 150च्या सुमाराचा, फुटलेल्या सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीचा. सोमनाथला अहिल्याबाईंनी 1783 साली बांधलेलं मंदिर. अमरेलीला गायकवाडांचा मुलूख. दीवला पोर्तुगीज, 1535 ते 1961. टाचणी माती अर्धओली असतानाच खुपसा. वाळल्यावर ठोकली तर टवका उडतो.