जुनी जिप्सी बंद पडली? आधी ठरवा: पेट्रोल की करंट

जुन्या जिप्सीचं बोनेट उघडलं की हात सगळ्यात आधी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे जातो. तो आवरा. गाडी बंद कशी पडली ते आधी आठवा. ओढ कमी कमी होत, अॅक्सिलरेटर दाबला की आणखीच दम तुटत थांबली असेल तर पेट्रोलकडे बघायचं. चालता चालता एकदम गप्प झाली, चावी बंद केल्यासारखी, तर करंटकडे, म्हणजे ठिणगी आणि वायरिंगकडे. क्वचित हा अंदाज फसतो, पण सुरुवात याच्यापासूनच करावी, कारण त्याला पाना लागत नाही.

मी पाटण भागात राहतो. माझी जिप्सी ९७० सीसीची, कार्बोरेटर आणि पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क). कोयनेकडचा पाऊस, कुंभार्ली घाट आणि शिवारातले चिखलाचे रस्ते एवढंच तिचं जग आहे. खाली लिहिलंय ते याच इंजिनाबद्दल. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणाऱ्या जिप्सीला यातलं अर्थिंगचं आणि बॅटरीचं तेवढं लागू पडेल.

काम सुरू करण्याआधी इंजिन गार होऊ द्या, विडी-सिगारेट लांब ठेवा आणि पेट्रोलचा पाइप उघडा असताना ठिणगी बघायचा उद्योग करू नका. या दोन तपासण्या नेहमी वेगवेगळ्या वेळी करायच्या.

आता कार्बोरेटरच्या अंगावरची छोटी गोल काच शोधा. फडक्याने पुसा. गाडी सपाट जागेवर असेल तर काचेच्या मधोमध पेट्रोलची पातळी दिसली पाहिजे. काच रिकामी असेल तर पेट्रोल तिथवर पोचतच नाही, म्हणजे दोष मागे आहे: पंप, फिल्टर, पाइप किंवा टाकी. काच पूर्ण भरलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणाऱ्या भागाची) सुई अडकली आहे. त्यात कचरा असतो किंवा ती झिजलेली असते. पातळी बरोबर असेल तर निम्मी शंका मिटली. एवढी सोय कंपनीने करून ठेवलेली असताना लोक सरळ कार्बोरेटर खोलायला घेतात, याचं मला वाईट वाटतं.

काच रिकामी निघाली तर पंप तपासा. कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) बारीक वायर काढून बाजूला बांधा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्या-ठोक्याने, जोरात आलं पाहिजे. नुसतं पाझरत असेल तर लगेच पंपाला दोष देऊ नका. पंप आणि टाकी यांच्यामधला रबरी पाइप हाताने वाकवून बघा. पंपाच्या पुढच्या पाइपाला चीर पडली तर पेट्रोल गळतं आणि डोळ्यांना दिसतं. मागच्या पाइपाला चीर पडली तर थेंबही गळत नाही, पंप तिथून हवा ओढत बसतो. या चिरा क्लिपच्या अगदी कडेला असतात, पाइप वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर मऊ पडतं, फुगतं, त्यामुळे पाइप बदलताना असं पेट्रोल सोसणाराच मागून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी काही दिवसांत कडक होते आणि क्लिपमधून सुटते. इंजिनजवळ पेट्रोल सांडणं म्हणजे आगीशी खेळ आहे.

पंपाबाबत आणखी एक. ऑइलची दांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर पंपाचा पडदा फाटल्याची दाट शक्यता आहे आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंपाबरोबर ऑइलही बदला.

चढावर ओढ जाते, पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा बरी चालते, असं होत असेल तर बहुतेक फिल्टर किंवा टाकीतली जाळी तुंबलेली आहे. त्याच वेळी टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा जोराचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद आहे. फिल्टर काढल्यावर त्यातलं पेट्रोल पांढऱ्या वाटीत ओता. तळाला लालसर गाळ दिसला तर टाकी आतून गंजते आहे. वेगळा थर किंवा पाण्याचे गोळे दिसले तर टाकीत पाणी शिरलंय, मग फिल्टर कितीही बदलले तरी उपयोग नाही. टाकी उतरवून धुवायलाच हवी.

आता असा दोष सांगतो जो पेट्रोलचा वाटतो आणि असतो करंटचा. गाडी अॅक्सिलरेटर दाबून धरला तर चालते, पाय काढला की लगेच बंद. आमच्या ओळखीच्या एकाने यासाठी दोनदा नवा कार्बोरेटर बसवला. कार्बोरेटरला एक छोटा सोलेनॉइड (करंटवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) असतो, त्याला एक वायर जाते. चावी ऑन केली की तो आयडलिंगच्या, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन संथ चालू ठेवणाऱ्या, पेट्रोलची वाट मोकळी करतो. त्याच्यावर बोट ठेवा आणि दुसऱ्याला चावी ऑन-ऑफ करायला सांगा. प्रत्येक वेळी बोटाला टिक् असं जाणवलं पाहिजे. जाणवलं नाही तर टेस्ट लॅम्पने (क्लिप आणि टोक असलेल्या तपासणीच्या दिव्याने) वायरीत करंट येतोय का बघा. त्या माणसाच्या गाडीत वायर वरून अखंड दिसत होती, पण आतली तार थिंबलपाशी (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीपाशी) तुटलेली होती. वायर हलकेच ओढली तर वरचं प्लास्टिक रबरासारखं ताणलं गेलं, तेव्हा कळलं. संशय आला की प्रत्येक वायर अशी ओढून बघा.

करंटच्या बाजूला बॅटरीपासून सुरू करा. भरलेली बॅटरी गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली गेली तर बॅटरी किंवा तिचं कनेक्शन कमजोर. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ यांच्यामध्ये हवी.

मग अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट. जुन्या जिप्सीचे निम्मे आजार इथलेच, हे मी ठामपणे म्हणेन. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी सडली आहे किंवा बोल्टखाली गंज आहे. मीटर नसेल तर दोन-तीनदा सेल्फ मारून चोकच्या केबलला हात लावा. केबल गरम लागली तर सेल्फचा करंट परतायला वाट नसल्याने केबलमधून जातोय. पट्टी काढा, बोल्टखालचा रंग आणि गंज काचकागदाने चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा.

अर्थिंग ठीक असेल तर टेस्ट लॅम्प घेऊन कॉइलकडे या. लॅम्पची क्लिप इंजिनला लावा. चावी ऑन करून टोक कॉइलच्या पॉझिटिव्हला लावा. दिवा लागला नाही तर फ्यूज आणि चावीचा स्विच बघा. लागला तर टोक निगेटिव्हला धरून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट काम करतायत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर मळ आहे. अजिबात पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, वायर कुठेतरी अर्थ होतेय किंवा कॉइल आतून तुटली आहे. पॉइंटची गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर, प्लगची ०.७ ते ०.८. काचकागद फिरवल्यावर पॉइंटमधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढून घ्या, बोटाचं तेलही तिथे चालत नाही. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर त्यांच्यावरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर बदला. नवे कंडेन्सर कधीकधी पहिल्याच आठवड्यात जातात, म्हणून चालू स्थितीतला जुना फेकू नका, डब्यात ठेवा.

सगळ्यात फसवा दोष घाटात भेटतो: गाडी तापली की बंद, गार झाली की चालू. हा पंपात पेट्रोलची वाफ झाल्याने होतो आणि तापल्यावर मरणाऱ्या कॉइलनेसुद्धा. गार झाल्यावर तपासून काही सापडत नाही, त्यामुळे बंद पडल्या क्षणी बघायचं. आधी काच. रिकामी असेल तर पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाका आणि थांबा. काचेत पेट्रोल असेल तर जादाचा प्लग वायरीला लावून इंजिनच्या धातूला टेकवा, कार्बोरेटरपासून लांब, आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळी, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर कॉइल किंवा कंडेन्सर. चावी ऑन ठेवून गाडी उभी ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले तर चांगली कॉइलही तापून जाते.

पावसाळ्यात सकाळी गाडी नुसती सेल्फ खात असेल तर डेल्कोची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तिथून करंट पळतोय, टोपी बदला. वरून ठीक दिसत असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा, प्लगच्या वायरींमधून करंट गळत असेल तर त्यांच्यावर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. हात मात्र लावू नका.

भातकापणीनंतर घराजवळ उभ्या गाडीत उंदीर शिरतात. त्या दिवसांत दर आठवड्याला एकदा बॅटरीमागची आणि डॅशबोर्डखालची वायरिंग टॉर्च लावून बघा. कुरतडलेल्या वायरीला नुसती टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा कापून नवा जोड द्या.