कुरणाला किती गुरे झेपतील, याचा अंदाज कसा काढावा

कुरणात किती गुरे सोडावीत हे निव्वळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. तेथे चारा किती उगवतो आणि त्यातला किती खाऊ द्यायचा, यावर ते अवलंबून असते.

गवताची वाढ पूर्ण होत आली की न चरलेल्या भागांत अर्धा मीटर लांब-रुंद चौकट ठिकठिकाणी ठेवावी. नजर साहजिकच दाट गवताकडे जाते, म्हणून विरळ जागाही मुद्दाम मोजाव्यात. चौकटीतले यंदाचे गवत जमिनीलगत कापून, गुरे तोंड लावत नाहीत अशा वनस्पती बाजूला काढून, उरलेला चारा वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावा. सरासरी वजनाच्या ग्रॅमांना ४० ने गुणले की हेक्टरी उत्पादन किलोमध्ये मिळते.

हा सगळा चारा मात्र गुरांचा नव्हे. निम्मा गवताची मुळे टिकण्यासाठी आणि जमीन झाकलेली राहण्यासाठी ठेवावा लागतो, उरलेल्यातलाही बराच तुडवला जातो, शेणाने खराब होतो किंवा किडे खातात. त्यामुळे गुरांच्या पोटात जाणारा वाटा सुमारे २५ टक्केच धरतात. कोरड्या प्रदेशात हात याहूनही आखडता घ्यावा.

अंदाज सर्वाधिक फसतो तो क्षेत्राच्या बाबतीत. पाणवठ्यापासून १.६ किलोमीटरपर्यंतचे कुरण पूर्ण, तेथून ३.२ किलोमीटरपर्यंतचे निम्मे मोजावे आणि त्यापलीकडचे, तसेच ६० टक्क्यांहून तीव्र उताराचे, कितीही हिरवे दिसले तरी सोडून द्यावे.

समजा, १०० हेक्टरांपैकी अशी वजावट करून ८० हेक्टर उरले आणि हेक्टरी १,२०० किलो वाळलेला चारा मिळाला. एकूण ९६,००० किलोंचे २५ टक्के म्हणजे २४,००० किलो. गुरे रोज वजनाच्या साधारण २.५ टक्के सुका चारा खातात, म्हणजे ४०० किलोंच्या गाईला १० किलो लागतो. १२० दिवसांसाठी हे कुरण २० गाईंना पुरेल. चरू लागलेली वासरे वेगळी धरावीत.

एकाच वर्षाच्या मोजणीवर कळपाचा आकार ठरवू नये. चांगल्या पावसाचे आकडे हुरूप देतात आणि पुढच्या कोरड्या वर्षी गुरे विकावी लागतात. कळप कमी पावसाच्या वर्षाला झेपेल एवढाच ठेवावा, आणि हंगाम संपण्याआधीच गुरांच्या आवडीचे गवत निम्म्याहून अधिक चरले गेले, तर गणित काहीही सांगो, गुरे तेथून हलवावीत.