'हेन्सफोर्थ' म्हणजे इथून पुढे

नावबदलाच्या प्रतिज्ञापत्रांची भाषांतरं मी रोज करते. इंग्रजी मसुद्यात एक वाक्य हमखास असतं, 'हेन्सफोर्थ आय शाल बी नोन ॲज' आणि पुढे नवं नाव. मराठीत मी लिहिते, 'यापुढे मी या नावाने ओळखली जाईन.'

शब्द फोडून पाहा, अर्थ पाठ करावा लागणार नाही. 'हेन्स' म्हणजे इथून, 'फोर्थ' म्हणजे पुढे. आपलं 'इथून पुढे' असंच घडलंय: शब्द जागेचे, काम काळाचं. 'हेन्स'च्या शेवटी जो 'स' ऐकू येतो, तोच 'वन्स' आणि 'ट्वाइस'मध्येही आहे. क्रियाविशेषणं घडवणारा तो जुना प्रत्यय. 'इथून'मधला 'ऊन' म्हणजेच 'फ्रॉम'चा अर्थ 'हेन्स'मध्येच असल्याने आधी वेगळा 'फ्रॉम' नको. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'फ्रॉम हेन्सफोर्थ' आहे, तरी आजच्या कागदावर मी तो खोडते. आणि 'फोर्थ'मध्ये 'यू' घालू नका, त्याचा 'चौथा' होतो.

खरी काळजी घ्यायची ती तारखेची. 'हेन्सफोर्थ' मोजायचा तो बोलल्या किंवा लिहिल्या क्षणापासून. दुसऱ्या एखाद्या वेळेपासून मोजायचं असेल तर 'देन्सफोर्थ', म्हणजे तिथून पुढे, तेव्हापासून. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्या गुलाममुक्तीच्या दोन जाहीरनाम्यांत हा फरक लख्ख दिसतो. २२ सप्टेंबर १८६२च्या जाहीरनाम्यात गुलामांची मुक्ती पुढच्या १ जानेवारीला व्हायची होती, म्हणून तिथे 'देन्सफॉरवर्ड' आलं ('फॉरवर्ड' इथे 'फोर्थ'च्याच अर्थाने). १ जानेवारी १८६३ उजाडला आणि त्या दिवशीच्या जाहीरनाम्यात लिहिलं गेलं 'आर, अँड हेन्सफॉरवर्ड शाल बी फ्री'. आहेत, आणि यापुढेही मुक्त राहतील. एका अक्षरात तो दिवस आला.

माझ्याकडून हे एकदा चुकलंय. बाईंचं लग्न डिसेंबरातलं, प्रतिज्ञापत्र मार्चमधलं. मसुद्यात लग्नाच्या तारखेनंतर 'देन्सफोर्थ' होतं आणि मी 'यापुढे' लिहून बसले. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "मग मधल्या तीन महिन्यांत मी नव्या नावाने केलेल्या सह्यांचं काय?" मी तिथेच 'तेव्हापासून' केलं.

वाक्यात 'हेन्सफोर्थ' सुरुवातीला किंवा 'शाल'नंतर बसतो. सोसायटीच्या नोटिशीत नियम पुढच्या महिन्यापासून लागू होणार असेल, तर तो वापरूच नका, सरळ तारीख घाला. मैत्रिणीला लिहिताना 'फ्रॉम नाऊ ऑन' पुरतं.