उन्हाळ्याआधी पाइपलाइनची गळती शोधा : कोणते साधन कुठे चालते

हरभरा, गहू निघाला, रान उघडे पडले आणि उन्हाळी पिकाचे पाणी अजून सुरू व्हायचे आहे, हे दोन-तीन आठवडे जमिनीखालची पाइपलाइन तपासायला सर्वांत चांगले. पावसाळ्यात सगळेच रान ओले असते, तेव्हा गळती दिसत नाही. एप्रिलमध्ये ती दिसते, पण तोवर विहीर खाली गेलेली असते. मिनिटाला 10 लिटर, म्हणजे मिनिटाला एक बादली, एवढी गळती 8 तासांच्या विजेत 4,800 लिटर पाणी नेते. फळझाडाला दिवसाला 40 लिटर धरले, तर हे 120 झाडांचे पाणी झाले.

साधन घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: पाइप कशाचा आहे, चालताना त्यात दाब किती असतो आणि माती कोणती आहे. बाजारात मिळणारी महागडी यंत्रे मुख्यतः शहरातल्या लोखंडी नळांसाठी घडलेली आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीन-चार इंची पीव्हीसी, दाब एक-दोन किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) आणि वर काळी रेगड माती असते. त्या यंत्रांना हे तिन्ही अवघड जाते. म्हणून पहिला खर्च दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजवर आणि वॉलवर (व्हॉल्व्हवर) करा.

गेज 0 ते 4 किंवा 0 ते 6 किलोचा, ग्लिसरीन भरलेला घ्या. त्यावर 0.1 किलोच्या रेघा हव्यात. 0 ते 16 किलोच्या गेजवर 0.2 किलोचा फरक डोळ्यांना कळतच नाही. मोटारीच्या बाजूचा मुख्य गेट वॉल जिथे आहे, त्याच्या पुढे, शेताकडच्या अंगाला सॅडल (पाइपला कवळणारा, भोक असलेला जोड) बसवून अर्ध्या इंचाचा बॉल वॉल, म्हणजे कॉक, लावा आणि त्यावर गेज चढवा. रोज लागत नसेल तेव्हा कॉक बंद करून गेज काढून ठेवला, तर तो वर्षानुवर्षे टिकतो.

चाचणी अशी करा. गेट वॉल जेमतेम उघडा ठेवून मोटार सुरू करा आणि लाइन हळूहळू भरू द्या. शेवटचे आउटलेट उघडे ठेवा. त्यातून फसफस थांबून सलग धार आली की हवा गेली असे समजा. मग सगळी आउटलेट बंद करा. गेज 2 किलोवर आला की गेट वॉल पूर्ण बंद करा आणि लगेच मोटार थांबवा. आता अर्धा तास दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. सुरुवातीला पाइप किंचित ताणतो, त्यामुळे थोडा उतार चालतो. उतार थांबला नाही तर गळती आहे.

इथे तीन ठिकाणी फसगत होते. लाइनमध्ये हवा अडकली असेल तर ती स्प्रिंगसारखी दाब धरून ठेवते आणि गळती असूनही काटा हळू उतरतो. दुसरे, गेट वॉलच्या बैठकीत गाळ अडकून वॉलच पाणी सोडत असतो आणि आपण रान खणत बसतो. वॉलच्या मागचे, मोटारीकडचे युनियन (उघडता येणारा जोड) सैल करून बघा, तिथून पाणी येत राहिले तर दोष वॉलचा. तिसरी चूक धोक्याची आहे. सबमर्सिबल जोरात असेल आणि सगळी आउटलेट बंद करून तिला तशीच चालू ठेवली, तर 4 किलो दाब सोसणारा पाइपही फुटू शकतो. चाचणी चालू असताना एक माणूस स्टार्टरपाशी हवाच.

लाइन विहिरीपासून वर चढत जात असेल तर हाच गेज गळतीची उंचीही सांगतो. सर्वांत वरचे आउटलेट किंवा एअर वॉल (हवा सोडणारा वॉल) उघडा आणि लाइन तशीच सोडून द्या. गळतीच्या वरचे पाणी निघून जाते, खालचे राहते. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे 1 किलो दाब. काटा 0.4 वर येऊन ठरला, तर पाइप फुटल्याची जागा गेजपेक्षा सुमारे 4 मीटर उंचीवर आहे. गवंड्याची लेव्हल नळी घेऊन लाइनच्या वाटेने तेवढी उंची मोजत चला, शोध काही पाइपांवर येतो. लाइन मध्ये चढउताराची असेल तर हा हिशोब चालत नाही, कारण खोलगट भागात पाणी अडून राहते.

लाइनवर मध्ये वॉल असेल तर एकेक भाग वेगळा तपासता येतो. 800 फुटांच्या लाइनवर मधोमध एकच वॉल असला तरी शोध 400 फुटांवर येतो. वॉल नसेल तर यंत्राआधी वॉलचे पैसे बाजूला काढा.

ड्रम आणि घड्याळ वापरून गळती काढायची पद्धत बरेच जण वापरतात: 200 लिटरचा ड्रम विहिरीपाशी 20 सेकंदांत भरला, शेवटी 25 सेकंद लागले, म्हणून एक पंचमांश पाणी गळते. हा हिशोब चुकीचा आहे. लांबच्या टोकाला घर्षणामुळे आणि चढामुळे पंपच कमी पाणी देतो. ड्रम मोजायचा असेल तर दरवर्षी त्याच आउटलेटवर, विहिरीची पातळी सारखी असताना मोजा आणि मागच्या आकड्याशी ताडून बघा. नाहीतर दोन्ही टोकांना एकाच वेळी वॉटर मीटर लावा.

आता ऐकण्याची साधने. साधी ऐकायची सळई, म्हणजे चार-पाच फुटी लोखंडी सळई आणि टोकाला कानाला लावायची वाटी, ही वॉलच्या दांड्यावर किंवा आउटलेटच्या उभ्या पाइपवर टेकवतात. जमिनीवर ठेवायचा इलेक्ट्रॉनिक माइक त्याचेच मोठे रूप. लोखंडी नळातून गळतीचा आवाज लांबवर जातो. पीव्हीसी आणि एचडीपीई (काळे प्लॅस्टिक) यांचा पाइप मऊ असल्याने तो आवाज गिळतो आणि उरतो तो दबका, खालच्या पट्टीतला. म्हणून प्लॅस्टिकच्या लाइनवर माइक दर एका मीटरवर टेकवत जावे लागते. दाब एक-दीड किलोच्या खाली असेल तर बहुधा आवाज येतच नाही, कारण पाणी शिट्टी न वाजवता नुसते पाझरते. रात्री वारा पडल्यावर, शेजारच्या मोटारी बंद असताना ऐका. भेगाळलेल्या कोरड्या मातीवर माइक नीट टेकत नाही, तिथे एक फूट सळई ठोकून तिच्या डोक्यावर माइक ठेवा.

दोन माइक लावून मधले अंतर काढणारे कोरिलेटर लोखंडी लाइनवर उत्तम आहे, पीव्हीसीवर त्याची धाव फार कमी पडते. एकट्या शेतकऱ्याने ते घेऊ नये. लोखंडी लाइन असलेल्या उपसा सिंचन संस्थेने भाड्याने आणायला हरकत नाही. कसेच सापडत नसेल तर 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजन असा न पेटणारा वायू लाइनमध्ये सोडून जमिनीवर हुंगणाऱ्या यंत्राने फूट शोधतात. हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या, आणि वायू सोडण्याआधी लाइन रिकामी करा.

पाइप नेमका कुठून गेला हेच माहीत नसेल तर प्रश्न वेगळा. लोकेटर नावाचे यंत्र धातूतून वाहणारा सिग्नल पकडते, त्याला नुसता पीव्हीसी पाइप दिसत नाही. विक्रेता दिसतो म्हणाला तर पैसे देण्याआधी तुम्हाला पक्की ठाऊक असलेली जागा त्याला न सांगता शोधायला लावा. लोखंडी पाइपवर एक चिमटा पाइपला, दुसरा पाइपच्या वाटेपासून आडवे दहा फूट दूर ठोकलेल्या खुंटीला लावतात. पीव्हीसीसाठी तारेचा गाभा असलेला लवचिक रॉड आउटलेटमधून आत सरकवतात आणि त्याचा माग वरून काढतात. काटकोनी एल्बोपाशी तो अडतो, मग पुढच्या आउटलेटमधून घालावा लागतो. मोटारीची केबल त्याच चरात टाकली असेल तर केबलचा माग म्हणजेच पाइपचा माग, पण आधी वायरमनकडून केबल दोन्ही टोकांना सोडवून घ्या. जमिनीत रडार सोडणारे यंत्र मुरमाड, वाळूसर रानात पाइप दाखवते. ओल्या काळ्या मातीत त्याच्या लहरी अर्ध्या वाटेतच मरतात, तिथे त्यावर पैसे घालवू नका. पाणाड्याच्या काठीने पाइप शोधण्यावर भरवसा ठेवू नका.

खणण्याआधी स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. बारा मिलिमीटरची, बोथट गोल टोकाची टी-आकाराची सळई हाताने दाबत चला. पहार घातली की केबल किंवा पाइप फुटतो. चराची भरलेली माती मऊ लागते, कडेची घट्ट, त्यावरून चर कळतो. ओल जिथे दिसते तिथेच फूट असेल असे धरू नका. चरातल्या मुरमातून पाणी उताराकडे बरेच पुढे जाऊन वर येते, म्हणून ओलीच्या वरच्या बाजूने खणत या. जुन्या उपसा लाइनला सिमेंटचे पाइप असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ग्राइंडरने कापू नका, पाणी मारत हातकरवतीने कापा आणि धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

पीव्हीसी जोडताना पाइप जाळावर शेकून फुगवू नका. तिथली भिंत पातळ होते आणि लाइट जाऊन पाण्याचा धक्का बसला की पुन्हा तिथेच फुटते. तयार कपलर वापरा, दोन्ही बाजू कोरड्या करून सोल्युशन लावा आणि 24 तास दाब देऊ नका. रेगड माती उन्हाळ्यात आक्रसून जोड ओढते, म्हणून पाइपच्या खाली आणि भोवती चार इंच वाळू किंवा बारीक, खडे नसलेला मुरूम घाला.

चर बुजवण्याआधी प्रत्येक जोडाचे माप विहिरीच्या कठड्याचा कोपरा आणि विजेचा खांब अशा दोन पक्क्या खुणांपासून टेपने घ्या. मोबाइलचा जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतो. नवी लाइन टाकत असाल तर पाइपसोबत दीड चौरस मिलिमीटरची, आवरण असलेली तांब्याची तार सलग टाका. तिची टोके वॉलच्या चेंबरमध्ये वर काढून टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे पुढे लोकेटरला पीव्हीसीची लाइनही सापडते.