नवी मोठी वसाहत मंजुरीला आली की आराखडा कसा तपासावा आणि हरकत कशी नोंदवावी

बेळगाव शहर जुन्या हद्दीत मावेनासे झाले, त्याला बरीच वर्षे लोटली. कणबर्गी, मच्छे, पिरनवाडी, हिंडलगा, जिकडे जावे तिकडे शिवाराचे लेआउट झालेले दिसतात आणि अधूनमधून पेपरात एखादी लहानशी जाहिरात येते की अमुक गावच्या अमुक सर्व्हे नंबरांत निवासी वसाहत प्रस्तावित आहे. ही जाहिरात बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पुढे विषय महापालिकेच्या सभेत येतो, गदारोळ होतो, मग गल्लीत चर्चा सुरू होते. परंतु तोवर हरकतीची मुदत बहुधा संपलेली असते. सभेतले भाषण दुसऱ्या दिवशी छापून येते हे खरे, पण निर्णय लागतो तो फाईलला काय जोडले गेले आहे यावर. म्हणून जो कागद मुदतीत फाईलला लागेल आणि ज्याचे उत्तर अधिकाऱ्याला लेखी द्यावे लागेल, असा कागद कसा तयार करावा, याची पद्धत येथे दिली आहे.

प्रथम प्रकरण कोणत्या वाटेने आले ते ओळखा

वसाहतीच्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींत नागरिकाला बोलण्याची संधी वेगवेगळ्या ठिकाणी मिळते. पहिली वाट बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, स्वतःच्या योजनेची. कर्नाटक नगरविकास प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अशा योजनेची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते, जमीनमालकांना वैयक्तिक नोटीस जाते आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी आपले म्हणणे मांडायचे असते. त्याच अधिसूचनेची एक प्रत स्थानिक संस्थेला, म्हणजे आपल्याकडे महापालिकेला, पाठवली जाते आणि महापालिकेलाही योजनेबाबत काही सांगायचे असल्यास ते ३० दिवसांतच कळवायचे असते. सर्वसाधारण सभा महिन्यातून एकदा अपेक्षित असते आणि प्रत्यक्षात ती पुढेही ढकलली जाते, हे लक्षात घेतले तर या मुदतीत विषय सभेपुढे येण्याची संधी फार तर एकदाच मिळते. त्यामुळे सभेची वाट न पाहता नगररचना व सुधारणा स्थायी समितीच्या सदस्यांकडे आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे पहिल्याच आठवड्यात लेखी निवेदन द्यावे. ५८ नगरसेवकांपैकी ज्यांच्या वॉर्डाला नवी वसाहत लागून आहे, त्या दोघा-तिघांना गाठणे हे सर्वांना पत्रे वाटत बसण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

दुसरी वाट खासगी लेआउटची. विकासक जमीन बिगरशेती करून घेतो आणि नकाशा प्राधिकरणाकडे मंजुरीसाठी सादर करतो. येथे जाहीर हरकतीची पायरी सहसा येत नाही. ती येते महायोजनेतील (मास्टर प्लॅनमधील) जमिनीचा वापर बदलायचा असेल तेव्हा, म्हणजे हिरव्या पट्ट्यातील शेतजमीन निवासी करायची असेल तर. ही वापरबदलाची जाहिरात किरकोळ दिसते, पण खासगी वसाहतीच्या बाबतीत नागरिकाच्या हाती असलेला मुख्य दरवाजा तोच आहे. मुदत जाहिरातीतच छापलेली असते. कात्रण तारखेसह जपून ठेवावे.

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, तेव्हा जनसुनावणी होईलच, अशा समजुतीत अनेकजण राहतात. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या वसाहतींना पूर्वमंजुरी घ्यायला सांगितले असले, तरी बांधकाम व वसाहत प्रकल्पांना त्याच अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे. त्या सुनावणीच्या भरवशावर थांबू नये.

कागद मिळवणे

मागायचे कागद मोजकेच आहेत: लेआउटचा नकाशा, त्यात येणाऱ्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा आरटीसी उतारा (महाराष्ट्रातील सातबारासारखा जमिनीचा उतारा), भूमापन खात्याचा गाव नकाशा, महायोजनेचा त्या भागाचा तुकडा, आणि पाणीपुरवठा, हेस्कॉम (वीज कंपनी) व सांडपाणी यांविषयीची संबंधित खात्यांची पत्रे. शेवटची पत्रे फाईलमध्ये नसतील, तर तीच आपली पहिली हरकत समजावी.

कार्यालयात पाहायला दिले तर उत्तम, नाही दिले तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कर्नाटकच्या नियमांनुसार हा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. म्हणजे हरकतीच्या मुदतीइतकाच काळ उत्तर येण्यात जाऊ शकतो. त्यामुळे अर्ज जाहिरात दिसल्या दिवशीच टाकावा आणि हरकत त्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नये. हा अर्ज कायद्याने इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये, करायचा असतो. हरकतीची आणि तक्रारीची गोष्ट निराळी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, तेव्हा ते मराठीत देता येते आणि ते नाकारता येत नाही. तरीही सोबत कन्नड प्रत जोडावी, असे माझे मत आहे. भाषेच्या हक्काचा आपला लढा आपल्या जागी चालू राहील. परंतु फाईलवर टिपणी लिहिणारा कारकून कन्नडच वाचणारा असेल, तर ‘भाषांतर करून घ्यावे’ एवढा शेरा मारून कागद पंधरा दिवस बाजूला पडतो आणि मुदत कोणासाठी थांबत नाही. नकाशावरील सूचीही कन्नडमध्येच असते: केरे म्हणजे तलाव, हळ्ळ म्हणजे ओढा, उद्यानवन म्हणजे बाग, नागरिक सौलभ्य निवेशन म्हणजे ज्याला आपण सीए साईट म्हणतो तो सुविधा भूखंड. एवढे शब्द ओळखता आले तरी नकाशा बराच उलगडतो.

नकाशात पहिल्यांदा पाणी शोधा

रस्त्याची रुंदी, बागेचे क्षेत्रफळ, भूखंडांचे आकार यांवर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या मते तपासणीचा अर्धा वेळ पाण्याला द्यावा, कारण बाकीच्या चुका पुढे थोड्याफार दुरुस्त होतात, पण ओढ्यावर बसलेले घर उठवता येत नाही. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात शिरून भातपीक कुजल्याच्या बातम्या पावसाळ्यात येतच असतात, आणि ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत शहरातील वस्त्यांतही पाणी शिरले होते.

गाव नकाशा आणि लेआउटचा नकाशा शेजारी ठेवावा. गाव नकाशात ओढा दुहेरी किंवा तुटक रेषेने दाखवलेला असतो. ती रेषा लेआउटमध्ये त्याच जागी, त्याच वळणाने पुढे गेली आहे का, की भूखंडांच्या सोयीसाठी तिला काटकोनात वळवले आहे, हे पाहावे. त्यानंतर आरटीसी उताऱ्यातील खराब्याची नोंद वाचावी. ‘अ’ खराब म्हणजे लागवडीस अयोग्य, पण खातेदाराच्या कब्जातील जमीन. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली जमीन. उताऱ्यात ३ गुंठे ‘ब’ खराब असेल आणि लेआउटच्या क्षेत्र तक्त्यात ते ३ गुंठे विक्रीच्या क्षेत्रात मिसळून गेले असतील, तर ती चूक बोट ठेवून दाखवता येते. आणखी एक युक्ती आढळते ती अशी की, नाल्याची पट्टी आणि तिच्या काठचे मोकळे अंतर बागेच्या क्षेत्रात धरले जाते. कागदावर बाग पुरेशी दिसते, पण जागेवर मुलांना खेळायला उतार आणि चिखल एवढेच उरते.

यानंतर जागेवर जावे. मोबाईलवर राज्य सरकारचे दिशांक ॲप उघडले की आपण कोणत्या सर्व्हे नंबरात उभे आहोत ते कळते. सीमा ठरवण्यासाठी ते पुरेसे नाही, त्याला मोजणीच लागते, पण ओढा कोणत्या नंबरातून जातो हे ओळखायला ते चालते. शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे की आषाढात पाणी कोठून येते आणि कोणत्या बांधावरून पुढे जाते. जवळच्या रस्त्याखालची मोरी टेपने मोजून तिचा फोटो काढावा. भातशेत बांधापर्यंत पाणी धरून ठेवते, सिमेंटचा रस्ता आणि गच्ची धरत नाही, हा फरक आकड्यात मांडला की अधिकारी ऐकतो. १ हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५ लाख लिटर पाणी होते. ४० एकरांची वसाहत म्हणजे सुमारे १६ हेक्टर, तेव्हा तेवढ्या एका सरीचे ८० लाख लिटर पाणी झाले. त्यातले पूर्वी शेतात थांबणारे पाणी आता त्या एका मोरीतून किती वेळात जाणार, एवढाच प्रश्न विचारावा.

नळाच्या पाण्याचेही असेच. शहराला पाणी येते ते मार्कंडेय नदीवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल जलाशयातून. सांडपाणी व्यवस्था असलेल्या शहरासाठी दरडोई रोज १३५ लिटरचे मान धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. १,००० भूखंड आणि प्रत्येकी पाच माणसे धरली तर रोज ६ लाख ७५ हजार लिटर पाणी लागेल. परंतु आपल्याकडे ३० बाय ४० फुटांच्या भूखंडावर खाली मालक आणि वर भाडेकरू हाच रिवाज असल्याने कुटुंबे दुप्पट धरणे रास्त आहे: साडेतेरा लाख लिटर पाणी आणि त्यातून १० लाख ८० हजार लिटर सांडपाणी. विकासकाच्या अहवालात प्रत्येक भूखंडामागे एकच कुटुंब धरले असेल, तर हा फरक दाखवून द्यावा. हे सांडपाणी कोठे नेणार, याचे उत्तर ‘जवळच्या गटारीस जोडले जाईल’ असे असेल तर ते उत्तर नव्हे. हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पाला तेथील शेतकऱ्यांनी जो विरोध केला, तो पाहता दुसऱ्याच्या शिवाराचा विचार न करता असा प्रश्न सुटत नाही.

रस्ते, बाग आणि सुविधा भूखंड यांचे गणित त्या मानाने सोपे आहे. १ एकर म्हणजे ४० गुंठे. ४० एकरांच्या वसाहतीत बागेला १० टक्के ठरले असतील तर १६० गुंठे भरले पाहिजेत. तुकडे जोडून बेरीज भरते की एकसंध जागा आहे, एवढे पाहावे.

हरकतीचा मजकूर

‘गावाचे नुकसान होईल’ किंवा ‘शेतकऱ्यांवर अन्याय आहे’ अशा वाक्यांना ‘नोंद घेतली’ एवढेच उत्तर मिळते. प्रत्येक मुद्द्याला सर्व्हे नंबर, पुरावा आणि मागणी अशी तीन अंगे असावीत. उदाहरणार्थ:

‘सर्व्हे क्र. … मधून वाहणारा ओढा गाव नकाशात दाखवलेला असून आरटीसी उताऱ्यात त्यापोटी … गुंठे ‘ब’ खराब नोंद आहे. प्रस्तावित नकाशात या जागी भूखंड क्र. … ते … दाखवले आहेत. गाव नकाशा व उताऱ्याची प्रत आणि दि. … रोजीची छायाचित्रे जोडली आहेत. भूमापन खात्यामार्फत संयुक्त मोजणी होईपर्यंत सदर भूखंडांना मंजुरी देऊ नये व या हरकतीवरील निर्णय कारणांसह लेखी कळवावा.’

हे शेवटचे वाक्य विसरू नये. शंभर सह्यांच्या एका निवेदनापेक्षा वेगवेगळ्या पाच-सहा खातेदारांनी आपापल्या नंबरासंबंधी दिलेले अर्ज अधिक वजनदार ठरतात, कारण प्रत्येकाचे उत्तर वेगळे द्यावे लागते. अर्ज प्राधिकरणाच्या आयुक्तांच्या नावे देऊन आवक शिक्का व क्रमांक असलेली पोच घ्यावी आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवावी.

जमीन जाणाऱ्यांनी हरकत आणि मोबदला यांची गल्लत करू नये. मोबदला म्हणून विकसित भूखंडांत निम्मा वाटा देण्याचा प्रस्ताव असेल, तर तो कोणत्या भागात, किती मुदतीत आणि विकास खर्च कोणावर, हे लेखी मागावे. ‘योजनेला विरोध, अन्यथा निम्मा वाटा’ अशा अर्जातला विरोध कोणी मनावर घेत नाही. कणबर्गीची योजना जमीनमालकांशी झालेल्या वादात वर्षानुवर्षे रेंगाळली, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावे.

मंजुरी झाल्यावर

मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवावी, कारण पुढे ‘सुधारित नकाशा’ येतो आणि बागेची जागा सरकलेली असते. रस्ते, बाग व सुविधा भूखंड नोंदणीकृत हक्कसोडपत्राने प्राधिकरणाकडे दिले गेले का, हे उपनिबंधक कार्यालयात तपासावे. बुडाची योजना असेल, तर १९८७ च्या कायद्यात ती पाच वर्षांत बऱ्याच अंशी पूर्ण न झाल्यास रद्दबातल होण्याची तरतूद आहे; तारीख अंतिम अधिसूचनेपासून मोजावी. भूखंड घेणाऱ्यांनी विकासकाची रेरा (रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नोंदणी पाहावी. तेथे चढवलेला नकाशा आणि आपल्याकडील प्रमाणित प्रत जुळली पाहिजे.

वसाहत महापालिकेकडे हस्तांतरित होण्याचा ठराव सभेपुढे येतो, तेव्हा वॉर्डातील नागरिकांनी पुन्हा एकदा जागेवर जावे. ड्रेनेजची झाकणे उघडून पाहावीत, पाण्याच्या टाकीला जोडणी आहे का ते पाहावे, पथदीपांचे मीटर कोणाच्या नावावर आहेत ते हेस्कॉममध्ये विचारावे आणि उणिवांची यादी महापालिका आयुक्तांकडे द्यावी. हस्तांतरानंतर हा सगळा खर्च आपल्याच घरपट्टीतून होतो, आणि हस्तांतराआधी तो विकासकाच्या किंवा बुडाच्या खात्यावर टाकता येतो.