जुनी गाडी दाखवायची, तर नीट दाखवा: फोटो, नंबर, दुखणी सगळंच

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर 'माझी गाडी, कशी वाटली?' एवढं लिहून समोरून एक फोटो पाठवला की सगळे मस्त, झकास, कडक म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. वाईट काही नाही त्यात. पण ज्याला त्या मॉडेलचा बोल्टन्‌बोल्ट पाठ आहे तो माणूस गप्प बसतो, कारण त्याला बोलायला तुम्ही काही दिलेलंच नाही, आणि खरं म्हणजे तोच बोलायला हवा असतो. त्याला बोलतं कसं करायचं ते सांगतो.

सुरुवात सालापासून करा, आणि साल म्हणजे नक्की कुठलं ते सांगा. गाडी फॅक्टरीत बनली ते एक, मॉडेल इयर, म्हणजे कंपनी ती गाडी ज्या सालाची म्हणून विकते ते, दुसरं आणि पहिलं रजिस्ट्रेशन झालं ते तिसरं, आणि कागदावर बहुतेक वेळा हे तिसरंच असतं. गाडी शोरूममध्ये वर्षभर पडून राहिली असेल तर झालाच घोळ. फोक्सवॅगन बीटलचं बघा, 1955 पासून त्यांचं मॉडेल इयर ऑगस्टमध्येच सुरू व्हायचं, म्हणजे ऑक्टोबर 1960 मध्ये बनलेली बीटल ही 1961 ची गाडी, आणि तुम्ही 1960 चे पार्ट मागवले तर काही बसतील आणि काही नाही बसणार, मग दुकानदाराला शिव्या घालत बसा.

मग नंबर. सतरा अक्षरांचा चॅसी नंबर आता सगळीकडे दिसतो पण तो अमेरिकेत 1981 च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, त्याआधी प्रत्येक कंपनीची स्वतःची पद्धत होती, त्यामुळे तुमच्या गाडीचा नंबर सहा-सात आकडीच असला तर घाबरू नका. कंपनीने लावलेल्या छोट्या प्लेटवरचा नंबर (पुढची-मागची नंबरप्लेट नव्हे) आणि पत्र्यावर किंवा चॅसीवर ठोकलेला नंबर, दोन्ही स्वतः बघून जुळवा. प्लेट दोन रिव्हेटवर असते, ती कुणीही बदलू शकतो. इंजिन नंबर वेगळा लिहून ठेवा. इंजिन बदललेलं निघालं तर ते लपवू नका, एवढ्या वर्षांत इंजिन बदललं जाणं अगदी साधी गोष्ट आहे, फक्त मग 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे फॅक्टरीतून आलेलं मूळ इंजिनच गाडीत आहे, हा शब्द वापरायचा नाही. बऱ्याच गाड्यांचे फॅक्टरी रेकॉर्ड अजून शिल्लक आहेत: ब्रिटिश गाडी असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून बऱ्याच मॉडेलांचं हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, फोक्सवॅगनसाठी वोल्फ्सबुर्गच्या म्युझियमकडून जन्मदाखला मिळतो. त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली असं निघतं आणि कधीकधी कळतं की आपली लाल गाडी जन्माने राखाडी आहे. हो, आणि अनोळखी लोकांसमोर नंबर टाकताना शेवटचे तीन-चार आकडे झाका, तो नंबर दुसऱ्या गाडीवर चढवणारे लोक असतात.

प्लेटच नसेल तर गाडीच्या अंगावरच्या खुणा कामाला येतात. मॉरिस मायनरची पुढची काच दोन तुकड्यांची असेल तर ती 1956 च्या बदलाआधीची, सलग वळलेली काच त्यानंतरची. बीटलची मागची काच मधून दुभागलेली असेल तर मार्च 1953 च्या आधीची, अंडाकृती असेल तर तिथून 1957 पर्यंतची. पण एका खुणेवर निकाल देऊ नका. मधल्या मालकांपैकी कुणी काय बसवलंय सांगता येत नाही, त्यामुळे काचांवरचे कोड, डायनॅमोवरची तारीख, ओतीव भागांवरचे आकडे असं सगळं गोळा करा आणि मग बोला.

आता फोटो. लोक इथे सगळ्यात जास्त घाई करतात.

मोबाईल घेऊन गाडीजवळ उभं राहून फोटो काढला की पुढचं नाक फुगतं आणि मागचा भाग गायब होतो, लग्नाच्या फोटोत कोपऱ्यातल्या काकांचं होतं तसं. आठ-दहा पावलं मागे जा आणि थोडं झूम करा, मोबाईलमध्ये दोन पटवाली लेन्स असेल तर तीच वापरा. खाली बसा, कॅमेरा हेडलाईटच्या उंचीला आणा. भर दुपारी नको, क्रोमवर ऊन चमकतं आणि बाकी सगळं काळं पडतं, ढगाळ वेळ किंवा सकाळ उत्तम. पुढच्या कोपऱ्यातून, मागच्या कोपऱ्यातून आणि दोन्ही बाजूंनी सरळ एवढे चार हवेतच, कारण बाजूच्या सरळ फोटोत दरवाजाच्या फटी दिसतात आणि फटी पुढे रुंद मागे अरुंद असतील तर जाणकाराला लगेच कळतं की ही गाडी कधीतरी ठोकली गेली आहे किंवा बिजागरी बसली आहे.

खरे कामाचे फोटो वेगळेच, आणि ते कुणी काढत नाही. सिल, म्हणजे दरवाजाखालचा पत्रा. मॅटिंग उचलून फ्लोअर. जॅक लावायची जागा. चाकांच्या वरची आतली बाजू. बॅटरीखालचा ट्रे, बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिथला पत्रा ॲसिडने खाल्लेला बऱ्याचदा सापडतो, जुन्या मिनीत मागची सबफ्रेम (मागची चाकं धरणारा सांगाडा) आधी बघायची. गंज दिसला तर तो लपेल असा अँगल शोधू नका, उलट शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे भोक केवढं आहे ते कळतं. मग इंजिनचे दोन्ही बाजूंनी, डॅशबोर्ड, मीटरचा आकडा, प्लेट. घरासमोर काढलेल्या फोटोत लोकेशन सेव्ह होतं, ते पाठवण्याआधी काढून टाका. गाडी कुठे उभी असते हे साऱ्या जगाला कळायची गरज नाही.

गाडीच्या अवस्थेबद्दल लिहिताना विशेषणं जरा कमी करा. 'फुल्ली रिस्टोर्ड' याचा अर्थ कुणासाठी बॉडी चॅसीवरून उतरवून नट-बोल्टपर्यंत केलेलं काम, तर कुणासाठी पुटी भरून मारलेला रंग. त्यापेक्षा काय केलं ते लिहा: दोन्ही सिल नवे, इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग बदलली, वायरिंग नवं, सीट मूळच्या, गिअरबॉक्सला हात लावलेला नाही. फिवा ही जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ऐतिहासिक वाहन म्हणताना साधारण असं बघते की वाहन किमान 30 वर्षं जुनं असावं, त्याच्या इतिहासाला धरून जपलेलं असावं आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरात नसावं. यातला मधला मुद्दा मला सगळ्यात पटतो. फॅक्टरीचा रंग उडालेला, फिका पडलेला असला तरी घासून काढायच्या आधी चार लोकांना विचारा, कारण तो रंग परत कुणी मारून देऊ शकत नाही. मॉडिफाय केलेली असेल तर सरळ तसं म्हणा. डिस्क ब्रेक लावले म्हणून कुणी फाशी देत नाही, न सांगता 'ओरिजिनल' म्हटलं की मात्र देतात.

आता प्रॉब्लेम विचारायचा असेल तर, इथे जरा वेळ काढा. 'गाडी मिसिंग मारते (म्हणजे इंजिन अडखळत चालतं), काय करू' यावर जगातला कुठलाच मिस्त्री उत्तर देऊ शकत नाही. कधी मारते? थंड असताना की तापल्यावर, आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटर न दाबता) की लोडवर (ओढताना), चढावर की थ्रॉटल सोडल्यावर? आवाज येत असेल तर तो इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांच्या, हे क्लच दाबून सहज कळतं, चालत्या गाडीत क्लच दाबून इंजिन आयडलला आलं तरी आवाज तसाच राहिला तर तो चाक, बेअरिंग किंवा डिफरन्शियलकडचा. धूर असेल तर रंग सांगा आणि कधी येतो तेही. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय का बघा. निळा म्हणजे ऑईल जळतंय, त्यात पण थ्रॉटल सोडून परत दाबल्यावर भप्पकन आला तर व्हॉल्व्ह गाईडवर संशय आणि ओढताना सतत येत असेल तर रिंगांवर. पांढरा सकाळी थोडा आला तर तो नुसती वाफ, पण तापल्यावरही येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेलंय.

प्लग काढून त्यांचा फोटो काढा, सिलिंडरच्या क्रमाने मांडून. फिका तपकिरी चांगला, काजळी काळा म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढराफटक म्हणजे लीन (पेट्रोल कमी), तेलकट ओला म्हणजे ऑईल वर येतंय. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरचा, सगळे सारखेच वाईट असतील तर कार्ब्युरेटर किंवा टायमिंग. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं असेल तर सगळ्या सिलिंडरचे आकडे द्या, 'ठीक आहे' म्हणू नका. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, मग मोजायचं. ज्यात कमी आलं त्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, आणि शेजारशेजारचे दोन कमी असतील तर बहुतेक त्यांच्या मधलं गॅस्केट उडालंय.

तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, ही तक्रार तर कायमचीच, आणि दहातले नऊ जण डोळे झाकून 'व्हेपर लॉक' (पेट्रोलची पाईपमध्ये वाफ होऊन अडणं) म्हणतात. असेलही. पण बंद पडल्या पडल्या स्पार्क तपासा, प्लग इंजिनच्या पत्र्याला टेकवून, आसपास पेट्रोल सांडलेलं नाही हे बघून. निळा टणक स्पार्क येत असेल तर पेट्रोलकडे वळा. पिवळा, मरतुकडा किंवा अजिबात नसेल तर कॉईल नाहीतर कंडेन्सर, हे स्पार्क बनवणारे भाग, दोन्ही तापल्यावर दगा देतात. ही एक ओळ तुमच्या प्रश्नात असली तर चर्चेचे निम्मे फाटे आधीच बंद होतात.

लोक विसरतात ती अजून एक गोष्ट म्हणजे गाडी 6 व्होल्ट की 12, आणि अर्थिंग कुठलं, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक गाडीच्या पत्र्याला जोडलंय. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, तुम्ही सांगितलं नाही आणि समोरच्याने सवयीने निगेटिव्ह धरून सल्ला दिला तर काय जळेल ते बघायची हौस नको. ऑईल-फ्लुइडचंही तसंच. सिट्रोएन डीएस 1955 मध्ये आली तेव्हा तिच्या हायड्रॉलिकमध्ये वेगळं फ्लुइड होतं, 1966 च्या शेवटाकडे हिरवं मिनरल फ्लुइड आलं, आणि एकाचं दुसऱ्यात घातलं की रबरी सील फुगतात नाहीतर खराब होतात. साध्या ब्रेकच्या फ्लुइडमध्येसुद्धा डॉट 5 हे सिलिकॉनचं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळायचं नाही. आट्यांची तर वेगळीच गंमत, एमजीच्या टी मालिकेतल्या इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची. त्यामुळे 'बोल्ट बसत नाहीये' असं विचारताना गाडीचं नाव आणि साल आधी!

दुसऱ्याच्या गाडीवर बोलताना थोडं सांभाळून. न विचारता किंमत सांगू नका, आणि चाकं चुकीची आहेत हे पहिल्याच वाक्यात नको, त्या माणसाने कदाचित दोन वर्षं रविवार घालवून ती उभी केलेली असते. आधी काय आवडलं ते सांगा, मग 'या सालाला अशी व्हील कॅप यायची, हवी असेल तर फोटो पाठवतो' असं म्हणा. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची गळती यात मात्र भीडभाड ठेवायची नाही, दिसलं की लगेच आणि स्पष्ट सांगायचं.

सल्ले मिळाले की सगळे एकदम करू नका. पॉइंट, प्लग, कॉईल, कार्ब्युरेटर असं एका दिवसात सगळं बदललं आणि गाडी नीट झाली तर कशाने झाली ते तुम्हालाही कळणार नाही, आणि नाही झाली तर नवा दोष आत शिरलाय का हाही प्रश्न. एक बदल, एक चक्कर, मग पुढचा. आणि गाडी सुरू झाली की गायब होऊ नका राव! ज्यांनी डोकं लावलं त्यांना परत येऊन सांगा काय निघालं. 'कंडेन्सर होता' एवढंच लिहिलं तरी चालेल, सोबत जुन्या कंडेन्सरचा फोटो असला तर अजून बरं.